पाचांतले तीन

‘मलिक अंबरचे सर्वांत मोठे कर्तृत्व कोणते?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. सोनपेठ तालुक्यातल्या शाळकरी मुलांच्या एका सामान्यज्ञान स्पर्धेत तो विचारला गेला. सातवीतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं, ‘शेतकऱ्याकडून किती घ्यायचं ते त्याने ठरवून दिलं.’ तपासणाऱ्याने त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी बरोबर उत्तर लिहिलं, ‘गनिमी कावा’.

ती मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत आणि आता निवृत्तीनंतरही संध्याकाळी गल्लीतली पोरं ओट्यावर येऊन बसतात. तिचं उत्तर त्या ओट्यावरचं आहे, म्हणजे फुली मलाही आहे. मी संयोजकांना जाऊन भेटलो. त्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं, पण उत्तर बदललं नाही. त्यांचं म्हणणं असं: अंबर स्वातंत्र्यासाठी लढला, तेव्हा त्याचं मोठेपण लढाईतच शोधायला हवं. दुसरं, शेतसारा ही कारकुनी बाब आहे आणि तीही टोडरमलाची नक्कल. तिसरं, फारच झालं तर त्याने बांधलेली नहर म्हणा; ती निदान आजही दाखवता येते. निघताना एक तरुण शिक्षक हळूच म्हणाले, ‘सर, तो स्वतः गुलाम बाळगत होता, त्याचं एवढं कौतुक कशाला?’ हा चौथा मुद्दा मला सगळ्यांत जड गेला. तिथे मला उभ्या उभ्या नीट बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

लढाईपासूनच सुरुवात करतो, कारण एक मोठी लढाई आपल्याच दारात झालेली आहे. १५९६ साली चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला राखला, पण तहात वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं. मग पाथरी वऱ्हाडात मोडते की नाही, यावरून वाद पेटला. मोगलांनी पाथरीचा मुलूख दाबला, तेव्हा विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर या तिन्ही दरबारांच्या फौजा एक होऊन गोदावरीकाठी आल्या. त्यांचा सेनापती सुहेल खान, विजापूरचा हबशी ख्वाजासरा. समोर खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकलो तोच रहीम. १५९७च्या आरंभी इथे दोन दिवस युद्ध झालं. काही ग्रंथांत ते सोनपेठच्या नावाने आहे, काहींत आष्टीच्या किंवा सुप्याच्या. खानदेशचा राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. रात्र झाली तेव्हा कोण जिंकलं आणि कोण हरलं, हे दोन्ही छावण्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुहेल खान जखमी होऊन कोसळला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं आणि दख्खनची फौज फुटली. माणसं दख्खनकडे जास्त होती, शौर्यही कमी नव्हतं. तरी मोकळ्या मैदानात समोरासमोर उभं राहिल्यावर जे व्हायचं तेच झालं.

अंबर तेव्हा एक लहानसा सरदार होता. सुमारे १५४८ साली हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. तो विकला गेला, बगदादला पोचला, तिथे त्याला ‘अंबर’ हे नाव मिळालं, आणि मग दख्खनमध्ये तो अहमदनगरचा पेशवा चंगेज खान याच्या पदरी आला. चंगेज खानही कधीकाळी गुलामच होता. तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. अंबर काही वर्षं विजापुरात राहिला, परत आला, आणि १६०० साली अहमदनगर पडल्यावर त्याने परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला. राज्य संपलं असं दिल्ली-आग्र्याला वाटत असताना ते पुन्हा उभं करणारा हा माणूस. इथपर्यंत संयोजकांचं आणि माझं एकमत आहे.

पुढे मात्र लढायांचा हिशेब त्यांनी मांडला तसा निघत नाही. १६०२च्या सुमारास नांदेडजवळ खानखानानाचा मुलगा इरज याने अंबरला हरवलं. अंबर घायाळ झाला, त्याच्या माणसांनी त्याला जेमतेम वाचवलं. १६१६ साली जालन्याजवळ रोषणगावला तोच इरज, आता शाहनवाज खान या किताबाने, पुन्हा जिंकला आणि अंबरने वसवलेली राजधानी खडकी मोगलांनी उद्ध्वस्त केली. १६१७ आणि १६२१ अशा दोन वेळा शाहजहानसमोर तह करून मुलूख सोडावा लागला. १६२१मध्ये खडकी दुसऱ्यांदा उजाड झाली. आणि रोषणगावपासूनचं हे सगळं अंबर बारगीगिरीत पुरता तरबेज झाल्यानंतरचं आहे! छापे घालायचे, रसद तोडायची, मोठी फौज दमवायची, हे तो वर्षानुवर्षं करत होता आणि तरीही हरत होता. १६२४ साली भातवडीला त्याने तलावाचं पाणी सोडून मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेला चिखलात अडकवलं आणि बुडवलं, तो विजय मोठाच. पण भातवडी एकच झाली.

म्हणून मला प्रश्न वेगळा दिसतो. तो जिंकला कसा, हे तर विचारायलाच हवं. पण नांदेड, रोषणगाव, दोनदा जळालेली राजधानी, दोन अपमानाचे तह, एवढं झाल्यावर दर वेळी वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा उभा कसा राहिला? सुहेल खान एकदा पडला आणि त्याची फौज परत जमली नाही. अंबरची दर वेळी जमली. असं का, याचं उत्तर ‘गनिमी कावा’ या दोन शब्दांत नाही.

शिवाय गनिमी कावा त्याने शोधून काढला, असं म्हणणं त्याच्याबरोबर घोड्यावर बसलेल्यांवर अन्याय करणारं आहे. मराठ्यांची हलकी घोडदळं निजामशाहीत आणि आदिलशाहीत अंबरच्या आधीपासून होती. ही लढाई या डोंगरांची, या तट्टांची आणि भाकरी खुर्जीत टाकून निघणाऱ्या माणसांची होती. भातवडीला शहाजीराजे होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. लखुजी जाधवराव आधी अंबरकडे होते, नंतर मोगलांकडे गेले. विल्यम फिंच नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६१०च्या आसपास लिहून ठेवलं आहे की अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत. हा आकडा मी वर्गात फळ्यावर मोठा करून लिहीत असे. चाळीस हजार दख्खनी. म्हणजे आपल्याच गावांतली पोरं.

आता या चाळीस हजारांचा पोटाचा हिशेब मांडा. प्रत्येकाचं घोडं, घोड्याची वैरण, माणसाची ज्वारी. अंबरकडे सुरतेसारखं बंदर नव्हतं, माळव्यासारखा सुबा नव्हता, गंगेकाठचे परगणे नव्हते. त्याच्याकडे होती ती पावसावरची काळी आणि मुरमाड जमीन, तीही दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या फौजेने तुडवलेली. रसद तोडायची म्हणजे गावाने शत्रूला दाणा द्यायचा नाही आणि आपल्याला द्यायचा. छापा घालून पसार व्हायचं म्हणजे शत्रू मागावर आला तर गावाने ‘कुणी गेलं नाही इकडून’ असं सांगायचं. गनिमी काव्यातलं अर्धं काम गावच करतं. ज्या गावाला सरकारच्या माणसाने ओरबाडलेलं आहे, ते गाव हे काम करत नाही. ते आपलं धान्य पेवात पुरतं आणि दोघांनाही हात हलवत परत पाठवतं.

त्या काळी राज्याला पैसा लागला की सोपी वाट एकच होती, इजारा. परगण्याचा वसूल जो जास्त बोलीने मागेल त्याला द्यायचा. त्याने सरकारात रक्कम आधी भरायची आणि मग कास्तकाराकडून जेवढं निघेल तेवढं काढायचं. सरकारला गावात जावं लागत नाही, पीक बघावं लागत नाही, रोकड हातात पडते. इजारदाराला माहीत असतं की पुढच्या साली बोली दुसऱ्याची लागू शकते, म्हणून तो बियाण्याचाही दाणा सोडत नाही. लढाईत अडकलेल्या राजाला याच रोकडीचा मोह सगळ्यांत जास्त पडतो.

अंबर जन्मभर लढाईतच होता. तरी त्याने इजारा बंद केला. वसुलीचं काम ब्राह्मण कारकुनांकडे दिलं आणि त्यांच्यावर देखरेखीला मुसलमान अंमलदार नेमले. गावगाड्यात ज्या जागा मोडून पडल्या होत्या त्या पुन्हा भरल्या. आधी काही हंगाम प्रत्यक्ष आलेल्या पिकाचा वाटा धान्यातच घेतला, जमिनीचा अंदाज घेतला आणि मग तो वाटा रोख रकमेत ठरवला. त्या सालचा पेरा किती, हे पाहून आकारणी व्हायची. धान्यात सरकारचा वाटा पाचांत दोन. रोखीत तो तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येत असे, अशी परंपरा ग्रँट डफने १८२६च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. कसणाऱ्याचा जमिनीवरचा मिरासी हक्क या व्यवस्थेत बळकट झाला, तो वारशाने चालू लागला.

पाचांत दोन हे काही थोडं नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, उरलेल्या तिनांत काय काय भागवावं लागतं हे मला माहीत आहे. बैल, बियाणं, बलुतं, सावकार, घरातली तोंडं, लेकीचं लग्न. त्याला दयाळू राजा म्हणावं, असं मी कुणाला सांगत नाही. माझं बोट दुसऱ्याच ठिकाणी आहे. इजाऱ्यात वरून घेणाऱ्याला काही हद्द नव्हती. इथे ती घातली गेली. आणि ती घातली कुणी? ज्याच्या कातडीवर कधीकाळी बाजारात किंमत लावली गेली होती त्याने. गुलाम म्हणजे ज्याच्याकडून काय आणि किती घ्यायचं याला हद्दच नसते असा माणूस. त्याची मेहनत, त्याचं नाव, त्याचं गाव, सगळं धन्याचं. अंबरने मनात काय विचार केला असेल ते मी सांगत नाही. पण त्याने जे केलं ते माझ्यासमोर आहे. ज्याला एकदा पूर्ण लुबाडलं गेलं होतं, त्याने सत्ता हातात आल्यावर स्वतःच्याच सरकारच्या हाताला मोजमाप लावलं. स्वातंत्र्याच्या लढवय्याचं यापेक्षा मोठं कर्तृत्व मला तरी सांगता येत नाही.

‘ही कारकुनी बाब आहे’ असं संयोजक म्हणाले. मग ही कारकुनी बाब किती टिकली ते पाहू. अंबर १६२६च्या मे महिन्यात वारला. सात वर्षांत दौलताबाद पडलं, १६३६ साली शहाजीराजांनी शेवटपर्यंत धरून ठेवलेली निजामशाही संपली. फौज पांगली, अंबरचा मुलगा फत्तेखान याने काही राखलं नाही. खडकीचं फत्तेनगर झालं, फत्तेनगरचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पण पुण्याच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी उजाड मुलूख लावताना धाऱ्याची रीत अंबरचीच चालवली. आणि शिवाजी महाराजांच्या राज्यातली जमाबंदी सांगताना सभासदाच्या बखरीत हिशेब येतो तो असा: पिकाचे पाच भाग करायचे, तीन रयतेला, दोन दिवाणात. पाचांत दोन. तोच आकडा! इनामाच्या आणि वतनाच्या जुन्या कागदांत ‘कारकीर्द मलिक अंबर’ असे शब्द पुढे पुढेही भेटतात. तंट्यात लोक दाखला देतात की आमचं मलिक अंबराच्या वेळेपासून असं चालत आलं आहे. लढाई हरली तरी धारा राहिला. माणूस गेल्यावर राज्यकर्ते बदलले, धर्म बदलला, भाषा बदलली, तरी नव्या राज्यात जुन्या धन्याचं नाव घेऊन लोक आपला हक्क मागत होते. एवढं टिकलेलं काम कारकुनी कसं?

आता टोडरमल. मोठा माणूस, वादच नाही. अकबराच्या राज्यात १५८०पासून त्याची दहसाला पद्धत लागू झाली: जमीन मोजायची, दहा वर्षांच्या पिकाची आणि भावाची सरासरी काढायची, त्यावर रोख आकारणी. तिचा पाया मोजणीचा. अंबरच्या पद्धतीचा पाया उभं पीक आणि गावची माहिती. एका ठिकाणी अंमलदार दोरी घेऊन शेतात येतो, दुसऱ्या ठिकाणी पाटील-कुलकर्ण्याला बरोबर घेऊन पेरा बघतो. कल्पना अंबरने शेजारच्या मुलखातून उचलली असेलही. चांगली गोष्ट कुठूनही उचलावी. पण एक लक्षात घ्या. मोगलांच्या ताब्यातल्या दख्खनमध्ये टोडरमली व्यवस्था नीट आणण्याचा प्रयत्न झाला तो १६५०च्या दशकात, औरंगजेब सुभेदार असताना, त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याच्या हातून. म्हणजे अंबर वारल्यावर पाव शतकाने. त्यातही पावसावरच्या पिकाचा वाटणीतला सरकारी हिस्सा निम्मा होता. अंबरचे पाचांत दोन आणि मुर्शिद कुलीचे निम्मे, या दोन आकड्यांमध्ये पावसावरच्या कास्तकाराचं एका सालचं खाणं मावतं. नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी ही वजाबाकी करावी.

इथे एक कबुली देतो, कारण ती दिली नाही तर मी गावाच्या अभिमानापोटी लिहितो आहे असं वाटेल. आपला हा भाग, म्हणजे पाथरीचा मुलूख, अकबराच्या कागदांत वऱ्हाड सुभ्याखाली पाथरी सरकार म्हणून येतो. अंबरच्या काळात तो सरहद्दीवर होता. आज याची फौज, उद्या त्याची. अंबरच्या जमाबंदीच्या खुणा जास्त खोल गेल्या त्या जुन्नर, पुणे, नाशिक, नगर या बाजूंना. सोनपेठने त्या व्यवस्थेचं सुख भोगलं, असा दावा मी करत नाही. सोनपेठने १५९७चं रण पाहिलं. त्या रणाला पुढे जे खरं उत्तर मिळालं ते कुठल्या तलवारीचं होतं, एवढंच मी विचारतो आहे.

नहरीबद्दल थोडक्यात. १६१७च्या सुमारास खडकीला पाणी आणणारी नहर-ए-अंबरी झाली. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने, भूमिगत मार्गाने शहरात खेळवणारं ते काम पाहून आजही अभियंते थक्क होतात आणि मीही दर वेळी होतो. (पाणचक्की मात्र त्याची नव्हे, ती नंतरची. सहलीला नेलेल्या कित्येक शिक्षकांना मी ही चूक करताना ऐकलं आहे.) पण नहरीचं पाणी राजधानीने प्यायलं. गावं शेतावर उभी होती.

लढाईचा मुद्दा सोडण्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अंबर म्हटल्यावर सगळ्यांना गनिमी कावाच का आठवतो? कारण ज्यांनी त्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं त्यांना त्याच्या छाप्यांचा त्रास झाला होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याला शिव्याशाप दिले. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतलं, त्यात भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बादशहा बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधीच मिळालं नाही. अंबर वारल्यावर मोगल दरबाराच्याच मोतमद खानाने लिहिलं की युद्धात, निर्णयात आणि कारभारात याची बरोबरी करणारा कुणी नव्हता. त्याने बारगीगिरीचा उल्लेख केला तसा कारभाराचाही केला. आपण त्यातलं पहिलं उचललं आणि दुसरं तिथेच सोडलं. शत्रूच्या तंबूतून अंबर जसा दिसला तसाच आपण मुलांना दाखवतो. ज्या गावाने सारा भरला त्या गावातून तो कसा दिसत होता, हे सोनपेठच्या पोरीने विचारलं तर तिला फुली!

आता त्या तरुण शिक्षकांच्या प्रश्नाकडे येतो. खरं आहे. अंबरच्या पदरी हजारो हबशी होते आणि त्यांतले पुष्कळसे विकत घेऊन आणलेले होते. ज्या बाजारात तो विकला गेला त्या बाजाराचा तो पुढे गिऱ्हाईक झाला. त्याने गुलामीची प्रथा मोडली नाही. तो कठोरही होता. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी १६१७ साली त्याला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी की सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामीवरून हिणवलं आणि त्याचा शेवट सुलतानाला विष देण्यात झाला. त्यानंतर गादीवर एक लहान मूल बसवून कारभार अंबरनेच हाकला. हे सगळं मी मुलांना सांगतो, लपवत नाही. त्याला गुलाममुक्तीचा पुढारी कुणी म्हणत असेल तर मीच आधी हात वर करीन. आणि नेमक्या याच कारणासाठी ‘सर्वांत मोठं कर्तृत्व’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माणसाचं सगळं चांगलं नसताना त्यातलं कोणतं जपायचं, हे त्या प्रश्नात ठरतं.

जगात दुसरीकडे बघा. हैतीचा तुसाँ लुव्हेर्त्यूर हा मुक्त झालेला गुलाम. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज अशा तिन्ही सत्तांशी तो लढला. १८०१च्या त्याच्या राज्यघटनेने गुलामी कायमची रद्द केली. अंबरच्या हातून जे झालं नाही ते त्याने केलं, त्यापुढे मी मान लवतो. पण उसाचे मळे चालले पाहिजेत म्हणून त्याच तुसाँने मुक्त झालेल्या माणसांना मळ्यांवर कामाला बांधून ठेवलं, शिपाई उभे केले. लोक त्याच्यावर चिडले, बंडं झाली. तो १८०३ साली फ्रान्सच्या तुरुंगात वारला, पुढच्या वर्षी हैती स्वतंत्र झाला, आणि १८२५ साली फ्रान्सने त्या स्वतंत्र देशाकडून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. बेड्या तुटल्या, पण कष्टकऱ्याकडून किती घ्यायचं याची हद्द काही ठरली नाही. अंबरचं उलटं. त्याच्या घरात बेड्या राहिल्या, त्याच्या शिवारात हद्द ठरली. दोघांना मिळून एक पुरा माणूस होतो. अंबरच्या वाट्याची अर्धी गोष्ट मुलांनी शिकावी, एवढं मागणं काही फार नाही.

आणि ही गोष्ट आपल्याला परकी कशी वाटते याचंच मला नवल वाटतं. आपण मराठवाड्याचे. निजामाच्या राज्यात वसुलीचे मक्ते घेणारे तालुकेदार सालारजंगाने १८५३नंतर सुधारणा सुरू करेपर्यंत मुलूख चावत होते. अंबरने बंद केलेलं दार सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा उघडं होतं. १७ सप्टेंबर १९४८ला आपण मुक्त झालो, झेंडा वर गेला, पण जहागिरीतल्या कुळाला मुक्ती कळली ती १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या तेव्हा आणि १९५०च्या कूळ कायद्याने बांधावरचं नाव बदललं तेव्हा. माझे वडील सतरा सप्टेंबरच्या आठवणी सांगत, पण डोळ्यांत पाणी यायचं ते सातबाऱ्याच्या आठवणीने. ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते, त्यांना पेन्शन नव्हती. तरी मुक्तिसंग्रामाचं सर्वांत मोठं कर्तृत्व कोणतं, असं त्यांना एका गुणासाठी विचारलं असतं, तर त्यांनी लढ्यातल्या कुठल्याही कॅम्पचं किंवा नाक्याचं नाव सांगितलं नसतं.

आजही इथल्या माणसाला विचारा. पैसेवारी पन्नासच्या वर लागली की खाली, यावर त्याचं वर्ष ठरतं. उसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाची उचल घेतं, आणि फडात किती टन तोडला म्हणजे ती फिटते हे मुकादमाच्या वहीवर असतं. किती घेणार, कुठे थांबणार, हे आधी माहीत असणं याची किंमत सोनपेठच्या पोराला कुणी समजावून द्यावी लागत नाही.

त्या मुलीचं घर बटईने शेत करतं. खर्च त्यांचा, राबणं त्यांचं, माल निम्मा-निम्मा. अंबरचा हिशेब मी ओट्यावर सांगितला त्या दिवशी तिने पाच काड्या मातीत रोवल्या, दोन उपटून बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, तीन म्हणजे निम्म्याहून जास्त झाले ना?” मी हो म्हणालो. स्पर्धेत तिने जे लिहिलं ते तिथून आलं होतं.

संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या साली हीच प्रश्नपेढी पुन्हा छापण्याआधी त्या प्रश्नापुढचं उत्तर बदलावं, आणि तिचा एक गुण तिला द्यावा.